उरलेले दहा अध्याय

रविवार, २ जून १९६३

क्षमा गेली. काल मद्रासच्या गाडीत बसली, पुढे नागपूर. नवऱ्याच्या मागोमाग डब्यात चढली, खिडकीशी आली, आईकडे बघून रडली आणि मला म्हणाली, "काका, आईशी रोज थोडं भांडत जा. नाहीतर ती गप्पच बसेल." गाडी गेली. प्रतिमाबाई हात हलवत राहिल्या. शेवटचा डबा वळला तरी हलवत होत्या.

आज मागच्या बिऱ्हाडात इतकं शांत आहे की तिकडचा नळ बादलीत गळतो तो इथे ऐकू येतो. ते बिऱ्हाड मी ५० साली भाड्याने दिलं. माझे वडील, अण्णा, गेल्यावर घर खायला उठायचं म्हणून. चंद्रकांत तेव्हा पुण्याहून नवाच आलेला, के. आर. पुरमकडे टेलिफोनच्या कारखान्यात इंजिनिअर. बरोबर बायको प्रतिमा, सहा वर्षांची क्षमा. दीड वर्षात चंद्रकांत विषमज्वराने गेला. प्रतिमाबाई परत गेल्या नाहीत. "भावाकडे भांडी घासण्यापेक्षा इथे हिंदी शिकवीन," म्हणाल्या आणि मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. अजून शिकवतात. माझं लग्न झालंच नाही. असं करत करत दोन बिऱ्हाडांचं दीड बिऱ्हाड झालं. मधल्या दाराला दोन्हीकडून कड्या आहेत, पण त्या कोणी कधी लावल्याचं आठवत नाही.

संध्याकाळी कॉफी घेऊन आल्या. बसल्या. भांडायला काही विषय सापडला नाही. कप घेऊन गेल्या.

बुधवार, ५ जून

प्रेसमध्ये दिवसभर गॅझेटची प्रुफं. जमिनीच्या नोटिसा. चुका सगळ्या पकडल्या, अर्थ एकाही ओळीचा आठवत नाही. तीस वर्षं हेच. अक्षरं वाचायची, त्यांचं ऐकायचं नाही.

रविवार, ९ जून

प्रतिमाबाईंनी सकाळपासून ट्रंका उपसायला काढल्या. क्षमाचे परकर, शाळेची प्रगतिपुस्तकं, चंद्रकांतचा एक कोट. मला मदतीला बोलावलं आणि मदत करू दिली नाही. "तुम्ही नुसते बसा. आणि ते 'कोट मडचून ठेवा' काय म्हणता? घडी घालून म्हणा. तुमचं घराणं तीनशे वर्षं इथे राहून तुमच्या मराठीची पार इडली झाली."

मी म्हटलं, "इडली पोटाला हलकी असते."

हसल्या. किती दिवसांनी.

मग खालच्या ट्रंकेच्या तळाशी ती निघाली. लाल कापडात बांधलेली पोथी. त्यांच्या माहेरची. सुटी आडवी पानं, वरखाली लाकडी फळ्या. हसणं थांबलं. त्यांनी ती उचलली आणि खिडकीत ठेवली, दुसऱ्या कोणाची चुकून आपल्याकडे आलेली वस्तू ठेवावी तशी.

मी उठलो. तिथून निघालो. बाजारात काम आहे असं सांगितलं. काम नव्हतं. चामराजपेठेतून चालत मार्केटपर्यंत गेलो आणि हात हलवत परत आलो.

मंगळवार, ११ जून

पोथी अजून खिडकीत आहे. येता-जाता दिसते.

शुक्रवार, १४ जून

क्षमाचं पहिलं पत्र. प्रतिमाबाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं. घर मोठं आहे, उकाडा फार, नवरा चहात चार चमचे साखर घेतो. सासूबाई दर गुरुवारी पोथी वाचतात. त्यांनी विचारलं, तुझ्या आईकडे घरची पोथी असेल ना? तर आई, तुझी ती पोथी मला पाठव. नव्या घरात तुझं काहीतरी असू दे.

पत्राची घडी घातली. म्हणाल्या, "नाही पाठवायची."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर खूषच झालो. चंद्रकांत गेल्यापासून या बाईने पोथीला हात लावला नाही. देवापुढे दिवा लावतात, पण नवस नाही, उपास नाही, सप्ताह नाही. मी मनाशी म्हणायचो, दुःखाने माणूस शहाणं होतं ते असं. आपल्यासारखंच विचार करणारं एक माणूस भिंतीपलीकडे राहतं, याचा मला केवढा आधार होता. कधी बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती.

शनिवार, १५ जून

आज कळलं. सगळं जसंच्या तसं लिहितो.

संध्याकाळी त्या आल्या तेव्हा मी शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, "क्षमाला पोथी पाठवत नाही ते बरोबर केलंत. पुढच्या पिढीत हे नकोच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्हाला काय वाटलं? माझा विश्वास नाही म्हणून पाठवत नाही?"

"मग?"

"माझी आई सांगायची, मध्ये सोडलेली पोथी घरावर उलटते. आणि पूर्ण केलेली कधी रिकामी जात नाही. हे हॉस्पिटलात होते तेव्हा मी सप्ताह लावला. चौथ्या दिवशी मला अडचण आली, मी बाजूला बसले. उरलेले दिवस तुम्ही वाचलंत. तुमचे उपकार आहेत, मी नाही म्हणत नाही. पोथी पूर्ण झाली. सोवळ्यात झाली. नैवेद्य झाला. आणि तिसऱ्या दिवशी हे गेले."

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"अर्धी राहिली असती तर मी स्वतःला दोष दिला असता. रडले असते आणि पुन्हा वाचायला बसले असते. पण ती पूर्ण झाली होती, त्रिविक्रमराव. माझ्याकडून काही राहिलं नव्हतं. त्या देवानेच शब्द पाळला नाही. असल्याचं पुस्तक मी मुलीला देऊ? तिच्यावर अशी वेळ आली, तर तीही हात जोडून बसेल आणि तिलाही तो असंच तोंडघशी पाडेल."

मग हळू म्हणाल्या, "तुमचं बरं आहे. तुम्ही लहानपणापासूनच उपाशी, तुम्हाला भूक माहीत नाही. मी रोज दिवा लावते आणि मला कळत नाही कोणासाठी लावते. अकरा वर्षं."

म्हणजे ही शहाणी झालेली बाई नव्हतीच. हिच्या घरातून कोणीतरी गेलं होतं – चंद्रकांतच्या मागोमाग आणखी एक. आणि मला ते दिसलं नाही. उंटावरचा शहाणा मी!

रविवार, १६ जून

आज लिहायचंच. दुसरीकडे कुठे सांगणार?

जानेवारी ५२. निवडणुकीच्या मतदारयाद्या छापखान्यात आल्या होत्या. इकडे चंद्रकांत तापाने फणफणलेला. प्रतिमाबाई पहाटे उठून पोथी वाचायच्या आणि मग हॉस्पिटलात जायच्या. एक्केचाळीस अध्याय, सात दिवस. चौथ्या दिवशी चोविसावा संपवला आणि बाजूला बसायची वेळ आली. मधल्या दारापाशी लांब उभ्या राहून म्हणाल्या, "दुसऱ्या कोणी वाचलं तर चालतं. फक्त खंड पडता कामा नये. तुमच्याशिवाय मला इथे कोण आहे?"

मी हो म्हटलं. का नाही म्हणणार? पुराणिकाचा मुलगा. अण्णांचा मुकटा पेटीत होता, संथा पाठ होती. पोथी माझ्या देवघरात आणली. पाचव्या दिवशी आंघोळ करून नीट सात अध्याय वाचले. पंचवीस ते एकतीस. छपाईच्या चौदा चुका सापडल्या.

सहाव्या दिवशी पहाटे पाचला प्रेसचा शिपाई दारात. याद्या आजच हव्यात. गेलो. रात्री आलो. उद्या दोन्ही दिवसांचं वाचू म्हटलं. सातव्या दिवशी पुन्हा शिपाई. संध्याकाळी परत आलो, तर प्रतिमाबाई हॉस्पिटलातून येऊन मधल्या दाराशी उभ्या. चार दिवस केसांना फणी नाही. विचारलं, "झालं?"

मी म्हटलं, "झालं."

एवढंच. त्या वेळी मनात काही आलंसुद्धा नाही. कागदावरची अक्षरं मोठ्याने वाचली काय न वाचली काय, टायफॉइडला काय कळतं! बाईला धीर आला, काम झालं. दुसऱ्या दिवशी न्हाऊन त्यांनी पुरणाचा नैवेद्य केला. मी पोटभर जेवलो. वर तूपही मागून घेतलं.

मग चंद्रकांत गेला.

आणि हे मी शिकलो कुठे? अण्णांकडे. भीमाचार्य पुराणिक, चातुर्मासात चार-चार घरी वाचन. वेळ कमी पडला की दोन पानं एकदम उलटायचे. मी दहा वर्षांचा, शेजारी बसलेला, मला सगळं पाठ – मला कळायचं. समोरच्या बायका हात जोडून बसलेल्या असत, त्यांना कळायचं नाही. एकदा घरी येताना विचारलं. अण्णा म्हणाले, "ऐकणाऱ्याची श्रद्धा पानं मोजत नाही रे." रस्त्यातच माझं सगळं संपलं. घरी येऊन जेवलो, झोपलो, आणि दुसऱ्या दिवसापासून देवघरात नुसता अंगाने उभा राहू लागलो.

अण्णांना मी लबाड म्हटलं. मनात, आयुष्यभर. ते निदान दोन पानं उलटत. मी दहा अध्याय उलटले.

सोमवार, १७ जून

मी मानत नाही. मग लाज कशाची वाटते?

गुरुवार, २० जून

हा पेच कोणाला सांगून कळणार नाही, म्हणून कागदावर मांडतो.

सांगितलं, तर त्यांचा देव त्यांना परत मिळतो. त्याने शब्द मोडला नाही, शब्द माणसाने मोडला, एवढं एका वाक्यात सिद्ध होतं. पण मग त्या हिशेबाने चंद्रकांतचा जीव माझ्या आळसाने गेला. मध्ये सोडलेली पोथी घरावर उलटते, तशी उलटली. त्या माझं तोंड बघणार नाहीत. आणि का बघावं?

नाही सांगितलं, तर संध्याकाळची कॉफी चालू राहील. "तुमची मराठी" चालू राहील. आणि त्या रोज दिवा लावून विचारत राहतील, कोणासाठी.

मी म्हणतो हे सगळंच खोटं आहे – देवही, शब्दही, उलटणंही. बरोबरच आहे माझं. पण माझ्या बरोबर असण्याचा त्यांना काय उपयोग? त्यांना जे लागतं ते मी घेऊन बसलोय, आणि मला त्याची चवसुद्धा नाही.

मला त्या हव्या आहेत. त्रेपन्नाव्या वर्षी हे लिहिणं शोभत नाही, पण खरं आहे ते खरं. लग्नबिग्न काही नाही. नुसत्या भिंतीपलीकडे हव्या आहेत.

रविवार, २३ जून

आज एक हास्यास्पद प्रकार केला. प्रतिमाबाई शाळेतल्या कोणाच्या बारशाला गेल्या होत्या. मधल्या दाराने जाऊन पोथी उचलून आणली. विचार असा, की उरलेले दहा आता वाचून टाकावे. म्हणजे "झालं" हे खरं होईल. अकरा वर्षं उशिरा का होईना.

गार पाण्याने आंघोळ केली. अण्णांचा मुकटा नेसलो, तो आता पोटावर पुरत नाही. पाटावर बसलो. कापड सोडलं. एकतिसावा जिथे संपतो तिथे माझी खूण तशीच होती – मतदारयादीच्या प्रुफाची पट्टी, तिच्यावर कुणा गल्लीतली सहा-सात नावं. इतक्या वर्षांत ही कोणी उघडलीच नव्हती.

बत्तिसाव्याची पहिली ओळ वाचली. थांबलो. कोणासाठी वाचतोय? चंद्रकांत नाही. देव मानत नाही. प्रतिमाबाईंना कळणार नाही. म्हणजे फक्त माझ्यासाठी – उद्या कधी विचारलं तर डोळ्याला डोळा देऊन "झालं" म्हणता यावं म्हणून. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातलाच प्रकार.

बांधली आणि खिडकीत ठेवून आलो. खूण काढली नाही.

शुक्रवार, २८ जून

अहल्याक्का कोलारहून आली आहे. माझी थोरली बहीण, वय एकसष्ट, दात पाच, तोंड मात्र शाबूत. आल्या आल्या माझं स्वयंपाकघर बघून म्हणाली, "त्रिविक्रमा, इथे माणूस राहतो की पाल?"

शनिवार, २९ जून

अक्काला सांगितलं. सगळं. ती निवडत होती ती मेथी बाजूला ठेवली नाही. निवडत निवडत ऐकलं.

मी म्हटलं, "मी वाचलं नाही म्हणून तो मेला, असं तुला वाटतं काय?"

"मला काय ठाऊक? मी काय यम आहे? डॉक्टर होते की तिथे, त्यांना विचार." मग म्हणाली, "पण एक सांगते बघ. तिचा देव अकरा वर्षं तुझ्या खोटेपणाखाली अडकून पडलाय. तुला नको तर नको, दुसऱ्याचा का अडवून ठेवतोस? सोड त्याला."

"सांगितलं तर ती माझ्याशी बोलायची नाही, अक्का."

"हौदु, खरंच. नाही बोलायची." मेथीची काडी मोडली. "देव मिळेल तिला, तू मिळायचा नाहीस. दोन्ही एका पानात वाढता येत नाही, बा. स्वल्प विचार कर, आणि मग सांगच."

विचार कर म्हणे, आणि सांगच म्हणे. लहानपणापासून हिचं हेच.

मंगळवार, २ जुलै

अक्का गेली. प्रतिमाबाईंनी आज ठरवून सांगितलं. "पोथी रद्दीत घालवत नाही. पाण्यात सोडायची. रविवारी हेब्बाळच्या तळ्यावर जाऊ. इथल्या तळ्यात नको, पोरं बुडी मारून काढतात आणि दारात आणून देतात. तुम्ही चला बरोबर. ती पूर्ण तुम्हीच केलीत, तुमच्याच हाताने सोडा."

मी म्हटलं, "सरी."

मराठीतलं 'बरं'सुद्धा सुचलं नाही.

शनिवार, ६ जुलै

सांगायचं नाही. पोथी पाण्यात गेली की विषय पाण्यात गेला. सुंठीवाचून खोकला जाईल.

क्षमाला लिहितील, हरवली म्हणून. नागपूरची सासू काय करणार आहे? त्यांना हवं ते मीच करतोय, त्यांच्याच हाताला हात लावून. ठरलं.

रविवार, ७ जुलै

सकाळी साडेआठची बस. प्रतिमाबाईंनी जांभळ्या काठाचं पांढरं पातळ नेसलं होतं. मांडीवर पोथी, बाळाला घ्यावं तशी दोन्ही हातांत. खिडकीतून वारा येत होता. म्हणाल्या, "चंद्रकांतने एकदा इथे आणलं होतं आम्हाला. क्षमा पाण्यात पडली होती." नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

तळं बरंच खाली गेलं आहे. बांधाच्या पलीकडे एक माणूस म्हशी धूत होता. आम्ही दगडांवरून उतरलो. पाण्यापाशी त्यांनी कापड न सोडताच पोथी कपाळाला लावली. मला वाटलं होतं लावणार नाहीत. डोळे मिटले होते. ओठ हलले. मग माझ्यापुढे धरली. "घ्या."

मी हात पुढे केले. वजन फार नव्हतं. वाकलो. बोटं पाण्याला लागली.

मी म्हटलं, "प्रतिमाबाई, ही पूर्ण झाली नव्हती."

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. पुन्हा म्हटलं. "मी पाचव्या दिवशी वाचली. सहाव्या आणि सातव्या दिवशी नाही. तुम्ही झालं का विचारलंत, मी झालं म्हटलं. ते खोटं होतं."

म्हशी पाण्यातून बाहेर निघाल्या.

"किती राहिले?"

"दहा."

"का?"

काय सांगायचं? विश्वास नव्हता असं सांगितलं असतं तर निदान काही तत्त्व तरी दिसलं असतं. पण ते कारण नव्हतं. म्हटलं, "प्रेसमध्ये काम होतं."

त्यांनी माझ्या हातातून पोथी घेतली. कापडाचा कोपरा भिजला होता, तो पदराने टिपला. सावकाश, पुन्हा पुन्हा. मग दगडावर बसल्या आणि रडू लागल्या. अकरा वर्षांपूर्वी स्मशानातून माणसं परत आली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी दोन हात अंतरावर उभा. मध्ये एकदा बोलल्या, पण माझ्याशी नाही. पोथीशी बोलल्या.

"म्हणजे तू फसवलं नव्हतंस."

चेहरा असा झाला होता, की मला बघवेना. मुलगी हरवून सापडल्यावर आईचा होईल तसा. आणि मग तो चेहरा माझ्याकडे वळला आणि त्यातलं सगळं गेलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं बघितलं.

परतीच्या बसमध्ये पुढे बायकांच्या बाकावर बसल्या. मी मागे. चामराजपेठेला उतरल्यावर माझ्यासाठी थांबल्या नाहीत.

सोमवार, ८ जुलै

मधलं दार तिकडून लावलेलं. कडी सरकल्याचा आवाज पहाटेच ऐकला. इतक्या वर्षांची गंजलेली, दोनदा अडकली.

बुधवार, १० जुलै

कामाला येणारी चंपा दोन्हीकडची भांडी घासते. आज माझी छत्री, क्षमासाठी मी आणलेलं कन्नडचं पहिलं पुस्तक आणि कॉफीचा फिल्टर घेऊन आली. "बाईंनी द्यायला सांगितलं. आणि म्हणाल्या, ह्यांची भांडी वेगळी घासायची, आमच्यात मिसळायची नाहीत." मग माझ्याकडे बघून, "काय झालं अण्णा? भांडण झालं काय?"

भांडण झालं असतं तर बरं होतं. क्षमाने भांडायलाच सांगितलं होतं.

शनिवार, १३ जुलै

अक्काला कार्ड टाकलं. एकच ओळ – सांगितलं.

कॉफी मीच केली. कडू झाली. प्यायलो.

रविवार, १४ जुलै

दिवसभर तिकडे धुणं, सारवणं, पाणी तापवणं. घासलेल्या तांब्याभांड्यांचा आवाज. कोणी पाहुणे येणार असावेत. पण कोणी आलं नाही.

मला वाटतं मी बरोबर केलं. मला वाटतं मी ते एक आठवडा उशिरा करायला हवं होतं. एक आठवडा तरी आणखी मिळाला असता.

मंगळवार, १६ जुलै

प्रेसमध्ये साहेब म्हणाले, तुमच्या नजरेतून आज तीन चुका सुटल्या, प्रकृती बरी आहे ना? बरी आहे म्हटलं.

गुरुवार, १८ जुलै

पहाटे भिंतीपलीकडून प्रतिमाबाईंचा आवाज आला. पोथी. पहिल्यापासून नाही – बत्तिसाव्यापासून. मी भिंतीशी जमिनीवर बसून दहाच्या दहा ऐकले, एक पान उलटू दिलं नाही. चूक एकही शोधली नाही. प्रेसला गेलो नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मनापासून वाटलं की हे सगळं खरं असावं, त्यांच्यासाठी तरी असावं. आणि खरं असेल, तर चंद्रकांतला मी मारलं.